पचनाच्या आजारात निदानासाठी घोड्याचे पोट उघडायचे असेल तर: धोके, तयारी आणि टप्प्यांचा क्रम

घोडा पोटभर खातो, तरी बरगड्या दिसू लागतात. लीद महिनोन्‌महिने पातळ, मधूनच पोटदुखी, पोटाखाली सूज. रक्त तपासून होते, जंतनाशक देऊन होते, आणि मग कोणीतरी म्हणते, "आता पोट उघडूनच बघू." यापुढे जे बिघडते ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. साध्या तपासण्या राहून जातात, स्टेरॉइड आधीच टोचलेले असते, रक्तातले प्रथिन तळाला गेलेले असते, आणि टेबलावर काय करायचे हे कोणी ठरवलेलेच नसते.

निदानासाठीच्या शस्त्रक्रियेचा धोका सर्जनच्या हातावर अवलंबून असतो, पण घोडा कोणत्या अवस्थेत टेबलावर जातो यावर तो त्याहून जास्त अवलंबून असतो. ती अवस्था मालक आणि नेहमीचे डॉक्टर मिळून बरीच सुधारू शकतात. पुढचे टप्पे त्यासाठी आहेत आणि ते याच क्रमाने घ्यायचे आहेत.

## टप्पा १: तातडीचे की सवडीचे, हे आधी वेगळे करा

तीव्र पोटशुळात पोट उघडणे आणि जुनाट आजारात कारण शोधण्यासाठी पोट उघडणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की घोडा जातो.

पुढीलपैकी काही दिसले तर हा लेख बाजूला ठेवा आणि घोडा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात हलवा:

- वेदनाशामक देऊनही दुखणे परत उफाळते
- हृदयाचे ठोके मिनिटाला ६० च्या वर टिकून राहतात (शांत उभ्या प्रौढ घोड्यात ते साधारण २८ ते ४४ असतात)
- नाकातून घातलेल्या नळीतून जठरातले पाणी भरपूर परत येते
- हिरड्या गडद लाल किंवा जांभळट दिसतात, लीद थांबते, पोट फुगत जाते

घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून तुंबलेले जठर फुटू शकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून नळी घालून घ्या.

सावधान: "अजून एक इंजेक्शन देऊन बघू" असे म्हणत रात्र काढणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक. वेदनाशामकाने दुखणे झाकले जाते, आतड्याचा पीळ सुटत नाही.

यापैकी काहीच नसेल तर तुमच्याकडे वेळ आहे. तो पुढच्या तीन टप्प्यांत वापरा.

## टप्पा २: पोट न उघडता मिळणारी सगळी उत्तरे आधी घ्या

तपासण्या स्वस्तातून महागाकडे आणि बाहेरून आत अशा जाऊ द्या.

तोंड आणि लीद. चघळलेल्या गवताचे गोळे खाली पडलेले दिसले तर आजार आतड्यात नसून दातांत असू शकतो. लीद पाण्यात ढवळून तळाशी वाळू बसते का ते बघा. जंतांच्या अंड्यांची मोजणी करा, पण शून्य आकडा आला म्हणून जंत नाहीत असे समजू नका. लहान स्ट्राँगाइल जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडून बसतात. त्या अंडी घालत नाहीत, पण बाहेर पडताना मोठ्या आतड्याची चाळण करतात.

रक्त आणि लघवी. एकूण प्रथिन, अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन), ग्लोब्युलिन, दाह दाखवणारी फायब्रिनोजेन आणि सीरम अमायलॉइड ए, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या. अल्ब्युमिन कमी असेल तर ते लघवीतून जाते आहे का, यकृत कमी बनवते आहे का, हे तपासल्याशिवाय आतड्याला दोष देऊ नका.

सोनोग्राफी. निरोगी लहान आतड्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत जाड असते. ती जागोजागी त्याहून बरीच जाड दिसली तर आजार तिथे असण्याची शक्यता वाढते. उजव्या बाजूला, ११ ते १४ व्या बरगड्यांच्या मधल्या जागांतून उजवे वरचे कोलन (मोठ्या आतड्याचा एक भाग) जरूर बघून घ्या. बरेच दिवस फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक घेणाऱ्या घोड्यात इथे व्रण पडतात, आणि त्याचे उत्तर औषध थांबवण्यात आणि आहार बदलण्यात असते.

पोटातले पाणी. सुईने काढलेल्या पाण्यात प्रथिन २.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि पेशी मायक्रोलिटरला ५,००० च्या खाली असणे अपेक्षित. पेशींचा प्रकारही बघायला सांगा. लिम्फोमाच्या (लसिकापेशींच्या कर्करोगाच्या) पेशी क्वचित इथेच सापडतात.

ग्लुकोज शोषण चाचणी. रात्रभर उपाशी ठेवून, वजनाच्या प्रत्येक किलोला १ ग्रॅम ग्लुकोज २० टक्के द्रावणात नळीने देतात आणि दर अर्ध्या तासाने रक्त घेतात. दोन तासांनी साखर मूळ आकड्यापेक्षा ८५ टक्के किंवा जास्त वाढली तर लहान आतडे शोषण नीट करते आहे. वाढ १५ टक्क्यांच्याही खाली राहिली तर शोषण जवळजवळ बंद आहे. ही चाचणी एका साध्या गोष्टीने वारंवार वाया जाते. नळी घालताना घोडा त्रास देतो म्हणून त्याला झायलाझिन किंवा डेटोमिडिन दिले जाते. ही गुंगीची औषधे साखर वाढवतात आणि जठर रिकामे व्हायला उशीर लावतात. गुंगी दिली असेल तर तो निकाल धरू नका.

वरून आणि खालून बायोप्सी. ३ मीटरच्या दुर्बिणीने जठर बघून ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) छोटा तुकडा चिमट्याने घेता येतो. गुदाशयाची बायोप्सी तर उभ्या घोड्यात मिनिटांत होते. दोन्ही फक्त वरचे अस्तर देतात. त्या नॉर्मल आल्या तर आजार नाही असे सिद्ध होत नाही, पण काही सापडले तर पोट उघडायची गरजच उरत नाही.

तपासा: दूध सोडलेल्या, चार ते सात महिन्यांच्या शिंगरात अल्ब्युमिन एकदम घसरले असेल तर आधी लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस या आतड्यातल्या जिवाणूची लिदेतली पीसीआर आणि रक्ताची चाचणी करा. हा आजार प्रतिजैविकांनी बरा होतो. अशा शिंगराचे पोट निदानासाठी उघडणे मला कधीच पटलेले नाही.

साल्मोनेलाची चाचणीही याच टप्प्यात करा, आणि एका नमुन्यावर थांबू नका. जंतू लिदेत रोज पडत नाहीत, म्हणून लागोपाठच्या दिवसांचे पाच नमुने देण्याची पद्धत आहे.

## टप्पा ३: स्टेरॉइड अजून सुरू करू नका

घोडा झुरतो आहे, बघवत नाही, म्हणून डेक्सामेथासोन टोचले जाते. चार दिवस घोडा तरतरीत दिसतो. मग पुन्हा घसरण लागते आणि आता बायोप्सी हवी असते. तोवर स्टेरॉइडने आतड्यातली दाहपेशींची गर्दी पांगवलेली असते आणि लिम्फोमाचे चित्रही धूसर केलेले असते. पॅथॉलॉजिस्टला दिसते ते अर्धवट पुसलेले चित्र. वर त्याच औषधाने टाक्यांची जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्गाला वाट मिळते.

स्टेरॉइड आधीच दिले असेल तर लपवू नका. कोणते, किती, शेवटचा डोस कधी, हे सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांना लिहून द्या. किती दिवस थांबायचे ते घोड्याची अवस्था बघून तेच ठरवतील.

## टप्पा ४: घोडा ऑपरेशन सोसेल का, हे मोजा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

अल्ब्युमिन. प्रौढ घोड्यात ते साधारण २.६ ते ३.७ ग्रॅम प्रति डेसिलिटर असते. दोनच्या खाली गेले की सूज दिसू लागते. पोटाखाली, छातीच्या पुढे, नर असेल तर शिश्नाच्या आवरणावर अंगठा दाबून धरा आणि काढा. खळगा तसाच राहिला तर आतड्याची भिंतही अशीच पाणी धरून बसली असेल असे समजा. फुगलेल्या भिंतीत टाका घालणे म्हणजे ओल्या कागदात सुई घालणे. दोरा कापत जातो, जोड झिरपतो आणि दोन-तीन दिवसांत पोटभर संसर्ग होतो. बाहेरची जखमही याच कारणाने उसवते.

प्लाझ्मा देऊन हे सुधारता येते, पण किती लागेल याचा अंदाज हवा. ४५० किलोच्या घोड्याच्या रक्तात २० लिटरहून जास्त प्लाझ्मा फिरत असतो. एक-दोन लिटर चढवल्याने आकडा जेमतेम हलतो, आणि गळक्या आतड्यातून तेही निसटते. म्हणून प्लाझ्मा ऑपरेशनच्या अगदी तोंडावर आणि पुरेशा प्रमाणात द्यायचा असतो. आठवडाभर आधी दिलेल्या एका पिशवीवर भिस्त ठेवू नका.

शिरा. आतड्यातून प्रथिन गळते तेव्हा गुठळ्या रोखणारे अँटिथ्रॉम्बिनही त्याबरोबर जाते. अशा घोड्याच्या मानेच्या शिरेत गुठळी चटकन होते. दोन्ही शिरा बंद पडल्या तर अख्खे तोंड सुजते. आधीच्या आठवड्यांत रोज त्याच शिरेला सुया टोचत राहू नका. एक बाजू कॅथेटरसाठी राखून ठेवा आणि तसे तबेल्यात सगळ्यांना सांगा.

उठण्याची ताकद. हे कुठल्याच रिपोर्टात लिहिलेले नसते. दोन-तीन रात्री लक्ष ठेवा. घोडा आपणहून आडवा होतो का? उठताना पुढचे पाय टेकवून एका झटक्यात उभा राहतो, की दोन-तीनदा धडपडतो, भिंतीला टेकतो? मोतद्दाराला विचारा, त्याला माहीत असते. तबेल्यात धडपडत उठणारा घोडा पूर्ण भुलीतून उठताना पाय मोडून घेऊ शकतो किंवा उठतच नाही.

आकड्यांबद्दल थोडेसे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या ४१,००० हून जास्त घोड्यांच्या अभ्यासात पोटशुळाची ऑपरेशने वगळता भुलीशी संबंधित मृत्यू सुमारे ०.९ टक्के होते. २०२१ च्या तशाच अभ्यासात हा आकडा ०.६ आणि पोटशुळाच्या घोड्यांत ३.४ टक्के आला. मालक पहिला आकडा ऐकून निश्चिंत होतात. तो मुख्यतः धडधाकट घोड्यांचा आकडा आहे. सुजलेल्या, हाडे दिसणाऱ्या घोड्याला तो लावू नका.

तपासा: ठेंगू जातीचा घोडा (पोनी), गाढव किंवा गाभण जनावर असेल तर रक्तातली ट्रायग्लिसराइड आधीच बघा. यांना थोड्या उपासानेही रक्तात चरबी साचण्याचा आजार होतो. उपाशी ठेवण्याची नेहमीची वेळ त्यांच्यासाठी कमी करावी लागते.

## टप्पा ५: आत जाण्याचा मार्ग निवडा

कमी धोक्याच्या मार्गाने उत्तर मिळत असेल तर मोठ्या मार्गाला जाऊ नये.

उभ्या घोड्यात लॅपरोस्कोपी, म्हणजे छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून बघणे. गुंगी आणि कुशीत बधिर करण्याचे औषध पुरते. पडून उठण्याचा धोकाच नाही. यकृत, प्लीहा, चिकटलेली आतडी, लसिकाग्रंथी, गाठी दिसतात आणि तुकडा घेता येतो. मात्र एका कुशीतून तीच बाजू दिसते आणि पोटाचा तळ दिसतच नाही. आतडी भरलेली असतील तर पहिली टोकदार नळी आत घालताना डावीकडे प्लीहेला, उजवीकडे अंधांत्राला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला) इजा होऊ शकते, म्हणून आधीचा उपास नीट पाळावा लागतो.

उभ्या घोड्यात कुशीतून चीर. पूर्ण भूल नको असेल आणि आतड्याचा पूर्ण जाडीचा तुकडा हवा असेल तेव्हा हा मार्ग उपयोगी. आतड्याचा थोडाच भाग बाहेर ओढता येतो, आणि मध्येच घोडा खाली बसला तर परिस्थिती हाताबाहेर जाते. शांत स्वभावाच्या घोड्यातच हा विचार करा.

पाठीवर झोपवून पोटाच्या मध्यरेषेतून. सगळ्यात जास्त दिसते ते इथून, आणि सगळ्यात जास्त धोकाही इथेच. घोडा पाठीवर असताना आतड्यांचे वजन छातीच्या पडद्यावर आणि हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर येते. फुफ्फुसे दबतात, रक्तदाब पडतो. सरासरी दाब ७० मिलिमीटरच्या खाली राहिला तर स्नायूंना रक्त पुरत नाही आणि उठताना मागचे पाय धरत नाहीत. वेळ जितका लांबेल तितके हे वाढते. बघायला सुरुवात केल्यावर "हेही बघू, तेही बघू" असे होऊ नये म्हणून पुढचा टप्पा आहे.

## टप्पा ६: टेबलावरचे निर्णय आदल्या दिवशी लिहून ठेवा

सर्जनबरोबर बसून या प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवा:

1. एखादा आजारी तुकडा काढून टाकण्याजोगा दिसला तर काढायचा का?
2. गाठी पसरलेल्या दिसल्या तर घोड्याला शुद्धीवर आणायचे, की भुलीतच निरोप द्यायचा?
3. काहीच वेगळे दिसले नाही तर किती ठिकाणचे तुकडे घ्यायचे?
4. फोन कोणी उचलायचा, आणि तो लागला नाही तर निर्णय कोणाचा?

दुसरा प्रश्न विचारायला जड जातो. तरी तो आधी विचारलेला बरा, कारण ऑपरेशन थांबवून फोनवर रडत घेतलेला निर्णय घोड्याच्या भुलीचा वेळ वाढवतो.

एक कडू गोष्ट मालकाला आधीच सांगितली पाहिजे: एवढे करूनही उत्तर न मिळण्याची शक्यता असते. निरोगी घोड्याच्या आतड्यातही लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या दाहपेशी असतात, त्यामुळे "सौम्य दाह" एवढाच अहवाल येऊ शकतो. हे मान्य नसेल तर ऑपरेशनला हो म्हणू नका.

## टप्पा ७: आदला दिवस

चारा सर्जन सांगतील त्या वेळी बंद करा. पाणी सहसा शेवटपर्यंत ठेवतात. खाली अंथरलेले गवत घोडा खातो हे विसरू नका, एकतर तोंडाला जाळी बांधा किंवा अंथरूण बदला. धनुर्वाताची लस चालू आहे ना ते बघा. नाल काढा किंवा खुरांना पट्टी गुंडाळा. वजन अंदाजाने न सांगता काट्यावर करा. सुकलेल्या घोड्याचे वजन डोळ्यांना फसवते आणि भुलीचा डोस त्यावरच ठरतो. पोट भादरण्याआधी खरारा करून धूळ काढा. भूल देण्याआधी तोंड पाण्याने धुतले गेले पाहिजे, नाहीतर श्वासनलिकेत नळी जाताना चाऱ्याचे कण फुफ्फुसात जातात.

तपासा: सकाळी ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल, लीद अचानक पाण्यासारखी झाली असेल किंवा श्वास वेगाने चालत असेल तर ऑपरेशन पुढे ढकला.

## टप्पा ८: तुकडे वाया जाऊ देऊ नका

आजार आतड्यात ठिपक्याठिपक्याने असतो. म्हणून लहान आतड्याचे एकाहून जास्त भाग, मोठे आतडे आणि एक लसिकाग्रंथी, दिसायला चांगले असले तरी, घ्यावेत. पण प्रत्येक जास्तीची चीर ही गळतीची आणि आतडी चिकटण्याची जास्तीची शक्यता असते. लहान आतड्याला हाताळणी सोसत नाही. आकडा आदल्या दिवशी ठरलेला असला की हा तोल सांभाळता येतो.

तुकडा पुठ्ठ्यावर सपाट पसरून, त्याच्या दहापट १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाका. प्रत्येक जागेची बाटली वेगळी, नाव झाकणावर न लिहिता बाटलीवर. सगळे तुकडे एकाच डबीत कोंबले तर कोणता कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. सोबतच्या कागदावर घोड्याचे वय, लक्षणे, अल्ब्युमिन आणि दिलेली औषधे असू द्या.

## टप्पा ९: उठणे आणि पहिले तीन दिवस

गादी लावलेल्या खोलीत घोड्याला घाई करू नये. अंधार, शांतता, डोक्याला आणि शेपटीला दोर, आणि दार धरून उभा असलेला एक अनुभवी माणूस. मालकाने आत जायचे नाही, हाकही मारायची नाही. ओळखीचा आवाज ऐकून अर्धवट भुलीतला घोडा उठायला बघतो.

पुढचे तीन दिवस या गोष्टी दिवसातून निदान चार वेळा बघा आणि वेळेसह लिहा:

- ताप आणि ठोके: दोन्ही बरोबर वाढले तर पोटातल्या संसर्गाचा संशय
- लीद: किती, कशी. भुलीनंतर बारा तासांत काहीच आले नाही तर लगेच कळवा
- मानेची शीर: कॅथेटरच्या बाजूला दोरीसारखी कडक किंवा गरम लागते का
- खुरांवरची नाडी: टाचेच्या वर बोट ठेवले की ठणकती लागते का, खूर गरम आहेत का, घोडा वजन मागे टाकून उभा राहतो का. हा खुरांच्या दाहाचा पहिला इशारा आहे

चारा मूठभर गवतापासून सुरू करून हळूहळू वाढवा. अशक्त दिसतो म्हणून पहिल्याच दिवशी भरड किंवा दाणा देऊ नका.

## टप्पा १०: जखम आणि पुढचे आठवडे

टाक्यांच्या दोन्ही बाजूंना थोडी मऊ सूज येणे अपेक्षित असते. दाबल्यावर घोडा आकसतो, सूज एका जागी गरम लागते किंवा पिवळसर पाणी येते, तेव्हा संसर्ग समजा आणि नमुना तपासायला द्या. पोटशुळाच्या ऑपरेशनांनंतर जखमेला संसर्ग होण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत १० टक्क्यांच्या आतपासून ३० टक्क्यांच्या वर आहे, आणि संसर्ग झालेल्या जखमेत पुढे हर्निया होण्याची शक्यता कैक पट वाढते. पोटपट्टा ओला झाला की लगेच बदला.

मध्यरेषेच्या ऑपरेशननंतर साधारण महिनाभर तबेल्यात, रोज दोरीने थोडे चालवणे, दुसरा महिना छोट्या कुंपणात, मग मोकळीक. टाके दोन आठवड्यांच्या आसपास निघतात, पण टाके निघाले म्हणजे आतला थर भरला असे नाही. सर्वांत जास्त हर्निया इथेच ओढवून घेतले जातात: घोडा छान दिसतो, तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्याला मोकळे सोडते.

अहवाल आला आणि स्टेरॉइड द्यायचे ठरले तरी सुरुवात कधी करायची हे जखम बघून सर्जनला ठरवू द्या. अहवाल धूसर असेल तर त्याच काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा, पुन्हा पोट उघडण्याचा विषय त्यानंतर. अल्ब्युमिन दर दोन-तीन आठवड्यांनी मोजा, वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर.

ऑपरेशनची नोंद, आतले फोटो आणि बायोप्सीचा अहवाल घोड्याच्या कागदपत्रांतच लावा. घोडा विकला गेला, तबेला बदलला तरी ती फाइल त्याच्याबरोबर गेली पाहिजे. पुढे कधी त्याचे पोट दुखले तर नव्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला कळायला हवे की आत टाके आहेत आणि आतडी चिकटलेली असू शकतात.